शेक्सपिअरची श्रद्धा आणि चरित्रकारांचा पुरावा

विल्यम शेक्सपिअर देवाला कोणत्या रीतीने आणि कितपत मनापासून भजत होता, हा प्रश्न अठराव्या शतकापासून त्याच्या चरित्रकारांना सतत खुणावत आला आहे. आणि त्याच्यावरील ग्रंथांची चळत कितीही उंच झाली, तरी प्रत्येक पिढीने तो नव्याने विचारला आहे. वरवर पाहता हा केवळ वाङ्मयेतिहासातील कुतूहलाचा विषय वाटतो. पण त्याच्या मुळाशी धर्मविचारातील एक जुना आणि कठीण प्रश्न दडलेला आहे, तो असा की, एका माणसाची श्रद्धा दुसऱ्या माणसाला कोणत्या पुराव्यावरून कळू शकते? आचारावरून, शब्दांवरून, की मौनावरून? सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा प्रश्न पंडितांच्या वादापुरता उरलेला नव्हता, कारण राज्यसंस्था तो दंड, तुरुंग आणि फाशी यांच्या बळावर प्रत्येक प्रजाजनाला विचारत होती. म्हणून शेक्सपिअरचा काळ समजून घेण्यासाठी ग्रंथ निवडताना, त्या ग्रंथाचा लेखक या प्रश्नाशी कसा वागतो, ही कसोटी सर्वांत उपयोगी पडते. या कसोटीला लावून पाहिले तर नाटककाराच्या अंतःकरणात शिरल्याचा दावा करणारी पुस्तके, त्यांत कितीही बुद्धिवैभव असले तरी, फिकी ठरतात, आणि ज्या समाजात तो वाढला त्या समाजाचे धर्माचरण शांतपणे उलगडून दाखवणारी पुस्तके अधिक दूरवर नेतात.

त्या समाजाने एका आयुष्याच्या अवधीत किती उलथापालथ पाहिली, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. आठव्या हेन्रीने 1534 मध्ये पोपची सत्ता झुगारून स्वतःला इंग्लंडमधील चर्चचा प्रमुख ठरवले. 1547 मध्ये गादीवर आलेल्या सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत प्रॉटेस्टंट सुधारणा वेगाने आल्या. 1553 ते 1558 या काळात मेरी राणीने कॅथलिक पंथ पुन्हा प्रस्थापित केला आणि त्यानंतर एलिझाबेथने तो पुन्हा दूर केला. शेक्सपिअरचे वडील जॉन यांचा जन्म 1530 च्या सुमाराचा, म्हणजे ते तिशीत पोहोचेपर्यंत राज्याचा धर्म वारंवार बदललेला होता. अशा पिढीच्या माणसाला 'तू कॅथलिक की प्रॉटेस्टंट' असे विचारणे आज जितके सोपे वाटते तितके तेव्हा नव्हते, कारण चर्चची इमारत तीच, दफनभूमी तीच, शेजारीही तेच, आणि बदलत होते ते त्या इमारतीत काय करावे व काय करू नये याविषयीचे हुकूम.

या बदलाचे खोल आणि सहृदय वर्णन एमन डफी या इतिहासकाराच्या 'द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स' या 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. सुधारणेपूर्वीचा इंग्लंडमधील लोकधर्म कुजलेला, कंटाळवाणा आणि लोकांना नकोसा झालेला होता, ही दीर्घकाळ रुजलेली समजूत डफी यांनी मृत्युपत्रे, चर्चच्या कारभाऱ्यांचे जमाखर्च, प्रार्थनापुस्तके आणि भिंतींवरील चित्रे यांच्या आधारे खोडून काढली. त्यांनी दाखवलेल्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी बांधलेल्या वस्तीत, जिवंत आणि मृत असे दोघेही सभासद असत. गावातील दिवंगतांच्या नावांची यादी ठरल्या दिवशी मोठ्याने वाचली जाई, आणि ज्याचे नाव वाचले जाई त्याच्यासाठी सर्वांनी प्रार्थना करणे हे पुण्य तर होतेच, पण त्याहून अधिक ते ऋण होते. डफी स्वतः कॅथलिक आहेत, आणि ज्यांना सुधारणा मनापासून हवी होती, ज्यांना मातृभाषेतील बायबल हाती आल्याने खरी मुक्ती लाभली, अशांना त्यांच्या ग्रंथात पुरेशी जागा मिळालेली नाही, हा आक्षेप योग्यच आहे. तरीही शेक्सपिअरच्या काळाचा विचार करू पाहणाऱ्याने सुरुवात याच ग्रंथापासून करावी, कारण काय गेले हे कळल्याखेरीज जे उरले त्याचा अर्थ लागत नाही.

काय गेले, हे शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला, एका भिंतीवर अगदी जवळून पाहता येते. त्या गावात होली क्रॉस नावाचा एक गिल्ड, म्हणजे धार्मिक बंधुसंघ, तेराव्या शतकापासून नांदत होता. सभासदांच्या अंत्ययात्रेला जाणे, त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, अर्पण करवून घेणे ही त्याची मुख्य कामे होती, आणि योग्य रक्कम भरल्यास आधीच मेलेल्या आप्ताचेही नाव सभासद म्हणून नोंदवता येत असे. 1547 मध्ये असे संघ आणि मृतांसाठी चालणाऱ्या मिस्सांची दाने राज्याने बरखास्त केली, त्यांची मालमत्ता जप्त झाली, आणि 1553 मध्ये त्या मालमत्तेचा मोठा भाग गावाच्या नव्या नगरपालिकेकडे आला. संघाचे प्रार्थनामंदिर, ज्याला आजही गिल्ड चॅपल म्हणतात, उभेच राहिले. त्याच्या वेदीकडच्या कमानीवर अंतिम न्यायाचे भव्य चित्र होते : वर इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, खाली थडग्यांतून उठणारे मृत, एका बाजूला स्वर्गाचे द्वार आणि दुसऱ्या बाजूला नरकाचा जबडा. नगरपालिकेच्या 1563 सालच्या हिशेबात या मंदिरातील प्रतिमा विद्रूप करण्यासाठी दोन शिलिंग खर्ची टाकलेले आहेत, आणि हा हिशेब ज्या खजिनदारांच्या जबाबदारीत सादर झाला त्यांच्यापैकी एक जॉन शेक्सपिअर होते. त्यानंतर काही महिन्यांनी, 26 एप्रिल 1564 रोजी, त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. हा मुलगा ज्या शाळेत शिकला असे मानले जाते ती शाळा या मंदिराला लागून आहे, आणि त्याने 1597 मध्ये विकत घेतलेले न्यू प्लेस हे घर त्याच्या समोरच होते.

दोन शिलिंगांच्या या नोंदीचा अर्थ काय लावायचा? जॉन शेक्सपिअर कट्टर सुधारक होते, म्हणून त्यांनी चित्रे पुसवली, असे एक चरित्रकार म्हणतो. ते छुपे कॅथलिक होते, म्हणून चित्रे खरवडून टाकण्याऐवजी त्यांनी चुन्याचा हात फिरवून ती वाचवली, असे दुसरा म्हणतो. आणि नोंदीला दोन्ही अर्थ सारख्याच सहजतेने चिकटतात, कारण ती एका कृतीची नोंद आहे, मनोगताची नव्हे. हीच अडचण पुढच्या प्रत्येक कागदाबाबत येते. 1592 मध्ये उपासनेला न येणाऱ्यांची जी यादी झाली तिच्यात जॉन शेक्सपिअर यांचे नाव आहे, पण ज्या गटात ते आहे त्यापुढे कर्जवसुलीच्या भीतीने ही माणसे चर्चला येत नाहीत, असा शेरा आहे. 1606 मध्ये नाटककाराची थोरली मुलगी सुझॅना ईस्टरचा ख्रिस्तप्रसाद न घेतल्याबद्दल धर्मन्यायालयाच्या यादीत आली, यावरून ती कॅथलिक असल्याचे अनुमान काढले गेले. पण पुढच्याच वर्षी तिने ज्या डॉक्टर जॉन हॉलशी लग्न केले तो प्युरिटन वळणाचा, म्हणजे सुधारणा अजून पुढे नेऊ पाहणाऱ्यांपैकी होता. खुद्द शेक्सपिअरच्या मृत्युपत्राच्या आरंभी ख्रिस्ताच्या पुण्याईने तरून जाण्याची आशा व्यक्त झाली आहे, आणि ती निखालस प्रॉटेस्टंट वाटते. परंतु तो मजकूर त्या काळच्या वकिलांच्या नमुनापुस्तकात मिळणाऱ्या साच्याशी जुळतो. साच्यातले शब्द उच्चारणारा माणूस ते खोटेपणाने उच्चारतो असे नाही, पण ते त्याचे स्वतःचे म्हणून पुढे करता येत नाहीत.

या कागदांची शिस्तशीर ओळख हवी असणाऱ्याने ई. के. चेंबर्स यांचा 1930 चा दोन खंडांतील ग्रंथ चाळावा, आणि त्यानंतर सॅम्युएल शोनबॉम यांच्या दोन पुस्तकांकडे वळावे. 'विल्यम शेक्सपिअर : अ डॉक्युमेंटरी लाइफ' या 1975 च्या ग्रंथात शोनबॉम यांनी मूळ दस्तऐवजांच्या प्रतिमा देऊन त्यांच्यावर मोजकेच भाष्य केले, आणि दोन वर्षांनी त्याची आटोपशीर आवृत्ती काढली. त्याआधीच्या 'शेक्सपिअर्स लाइव्हज' या 1970 च्या ग्रंथात त्यांनी चरित्रकारांचेच चरित्र लिहिले, आणि प्रत्येक काळाने आपल्याच चेहऱ्याचा शेक्सपिअर कसा घडवला हे शेकडो पानांतून दाखवून दिले. कागद जितके बोलतो तितकेच त्याला बोलू देण्याचा हा संयम धर्माच्या प्रश्नात तर फारच मोलाचा आहे.

त्या संयमाची गरज एका उदाहरणाने पटते. 1757 मध्ये हेन्ली स्ट्रीटवरील शेक्सपिअरच्या जन्मघराच्या छपरात काम करणाऱ्या एका गवंड्याला कौलांखाली सहा पानांची एक वही सापडली, तिच्यात जे. शेक्सपिअर असे नाव घालून कॅथलिक श्रद्धेची सविस्तर जाहीर कबुली लिहिलेली होती. एडमंड मलोन या संपादकाने 1790 मध्ये तिचा मजकूर छापला, पुढे त्यांना स्वतःलाच तिच्याविषयी शंका आली, आणि मूळ वही नाहीशी झाली. विसाव्या शतकात हाच मजकूर युरोपात छापून प्रसृत झालेल्या एका नमुन्याशी जुळत असल्याचे उघड झाले, तेव्हा वही बनावट नसावी असे मानले जाऊ लागले आणि जॉन शेक्सपिअर छुपे कॅथलिक होते या मताला जोर आला. मग 2024 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील मॅथ्यू स्टेगल यांनी त्या छापील नमुन्याच्या आवृत्त्यांचा माग काढून असे मांडले की, हा मजकूर जॉन यांच्या मृत्यूनंतरचा, म्हणजे 1601 नंतरचा आहे, आणि 'जे' हे आद्याक्षर जॉन यांचे नसून नाटककाराची बहीण जोन हिचे असावे. एका आद्याक्षराच्या आधारावर दोन शतके एका बापाचा आणि त्याच्यावरून त्याच्या मुलाचा पंथ ठरवला जात होता. स्टेगल यांचे म्हणणे मान्य केले तर एका अशा स्त्रीची श्रद्धा उजेडात येते जिच्याकडे चरित्रकारांचे कधी लक्षच गेले नव्हते, आणि हा लाभ थोडा नाही.

येथे राज्याच्या कायद्याचे स्वरूपही ध्यानात घ्यावे लागते. 1559 च्या कायद्याने रविवारी चर्चला न येणाऱ्यास बारा पेन्स दंड ठरवला, आणि 1570 मध्ये पोपने एलिझाबेथला बहिष्कृत केल्यानंतर वातावरण तापत जाऊन 1581 मध्ये हा दंड महिन्याला वीस पौंडांवर नेण्यात आला. वीस पौंड हा स्ट्रॅटफर्डच्या शाळामास्तरचा वर्षाचा पगार होता. उपासनेला येण्यास नकार देणाऱ्यांना रेक्युझंट म्हणत. पण कायदा मोजत होता ती हजेरी. बाकावर येऊन बसलेला माणूस मनात कोणती प्रार्थना म्हणतो हे मोजण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते, आणि म्हणूनच देहाने चर्चमध्ये व मनाने जुन्या धर्मात असणाऱ्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला, ज्यांना दोन्ही बाजूंचे कडवे लोक दूषणे देत. शेक्सपिअरचे नाव गैरहजरांच्या यादीत आलेले नाही, यावरून तो आतून कोण होता हे ठरत नाही. आणि तो छुपा कॅथलिक होता म्हणूनच नाव आले नाही, असे म्हणणे तर पुराव्याच्या अभावालाच पुरावा करणे होय.

दुर्दैवाने याच वाटेने बरेच ग्रंथ गेले आहेत. ई. ए. जे. होनिगमन यांनी 1985 मध्ये लँकेशायरमधील एका कॅथलिक जमीनदाराच्या 1581 च्या मृत्युपत्रातील विल्यम शेकशाफ्ट हा इसम म्हणजे तरुण शेक्सपिअर असावा, असा तर्क बऱ्याच काळजीने मांडला; पण पुढच्या लेखकांच्या हाती त्या 'असावा'चे 'होता' झाले. क्लेअर अ‍ॅस्क्विथ यांच्या 'शॅडोप्ले' या 2005 च्या पुस्तकात तर नाटके ही छळ सोसणाऱ्या कॅथलिकांसाठी लिहिलेली सांकेतिक भाषा ठरतात, आणि उंच म्हणजे कॅथलिक, बुटके म्हणजे प्रॉटेस्टंट असा कोश हाती घेऊन वाचकाला ती उलगडावी लागतात. छळ खरा होता. 1581 मध्ये एडमंड कँपियन या जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या, धर्मगुरूला देहदंड झाला, आणि अशा माणसांच्या धैर्यापुढे कोणत्याही पंथाच्या वाचकाने नतमस्तक व्हावे. परंतु त्या दुःखाचा मान राखण्यासाठी नाटकांना कुलूप आणि किल्ली समजण्याची गरज नाही. स्टीफन ग्रीनब्लॅट यांच्या 'विल इन द वर्ल्ड' या 2004 च्या लोकप्रिय चरित्रात कँपियन आणि तरुण शेक्सपिअर यांची भेट कल्पनेने रंगवली आहे. आपण कल्पना करत आहोत हे ग्रीनब्लॅट प्रामाणिकपणे सांगतात, तरी प्रसंग इतका जिवंत उतरला आहे की तो घडला नसावा हे वाचक पुढच्या पानावर विसरतो.

याच ग्रीनब्लॅट यांचे 'हॅम्लेट इन पर्गेटरी' हे 2001 चे पुस्तक मात्र अगदी निराळ्या प्रतीचे आहे, आणि या विषयावरील मोजक्या अपरिहार्य ग्रंथांत त्याची गणना करावी लागते. पर्गेटरी, म्हणजे शुद्धिस्थान, ही कॅथलिक धर्मशास्त्रातील संकल्पना अशी : जो मनुष्य देवाच्या कृपेत मरण पावला, पण ज्याच्या पापांचे परिमार्जन पुरे झालेले नाही, त्याचा आत्मा स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्ध केला जातो, त्याची अखेरची गती निश्चित असते, परंतु यातनांचा अवधी जिवंतांच्या प्रार्थना, दाने आणि मिस्सा यांनी कमी होऊ शकतो. प्रॉटेस्टंट सुधारकांनी ही कल्पना शास्त्राधार नसलेली मानवी रचना ठरवली, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या एकोणचाळीस कलमांपैकी बाविसाव्या कलमाने ती स्पष्टपणे नाकारली. सुधारकांच्या आक्षेपाला नैतिक धार होती, कारण श्रीमंतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा विकत घेतल्या जात आणि गरिबाच्या आत्म्यासाठी कोणी नसे. पण सिद्धान्त रद्द झाला तरी ऋणाची भावना कोठे गेली? आपल्या मेलेल्या बापासाठी किंवा मुलासाठी काहीतरी करता येते, हा आधार एका पिढीत काढून घेतला गेल्यावर जिवंतांचे हात रिकामे राहिले, आणि या रिकाम्या हातांचा अभ्यास हाच ग्रीनब्लॅट यांच्या पुस्तकाचा गाभा आहे. आपल्या वडिलांनी मृत्यूनंतर स्वतःसाठी ज्यू परंपरेतील कद्दिश ही प्रार्थना म्हटली जावी म्हणून पैसे ठेवले होते, हे ते प्रारंभीच सांगतात, आणि पुढचे सारे पांडित्य त्या ऋणाच्या जाणिवेने ओले राहिले आहे.

'हॅम्लेट' नाटकातील, हॅम्लेटच्या मारल्या गेलेल्या बापाच्या भुताकडे या दृष्टीने पाहिले की, जे. डोव्हर विल्सन यांनी 'व्हॉट हॅपन्स इन हॅम्लेट' या 1935 च्या पुस्तकात मांडलेले विवेचनही नव्याने उपयोगी पडते. त्या काळी भुताविषयी तीन मते प्रचलित होती, असे ते दाखवतात : कॅथलिक मताने भूत हा शुद्धिस्थानातून परवानगीने आलेला आत्मा असू शकतो, लुडविग लाव्हाटर या स्विस प्रॉटेस्टंट पंडिताच्या, 1572 मध्ये इंग्रजीत आलेल्या ग्रंथानुसार, भूत हा बहुधा मृताचे रूप घेऊन आलेला सैतान असतो, आणि रेजिनल्ड स्कॉटसारख्या संशयवाद्याच्या मते भूत हा भीतीचा व फसवणुकीचा खेळ असतो. शेक्सपिअरने ही तिन्ही मते एकाच रंगमंचावर आणली आहेत. हॅम्लेटचा मित्र होरेशिओ आधी हसतो, मग हादरतो. हॅम्लेट, जो प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक लूथर याच्या विटेनबर्ग विद्यापीठाचा विद्यार्थी आहे, या रूपात सैतान तर आला नसेल ना, या शंकेने पछाडलेला आहे. आणि भूत स्वतः आपण ठरावीक मुदतीसाठी अग्नीत आहोत, अंतिम ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन आणि तैलाभ्यंग यांवाचून मारले गेलो, असे सांगते. हे तिन्ही मरणकाळचे जुने संस्कार होते. पण शुद्धिस्थानातील आत्म्याने मिस्सा मागाव्यात, आणि हे भूत मागते सूड. नंतर निरोप घेताना तर ते प्रार्थनाही मागत नाही, आपला विसर पडू नये एवढेच मागते. जुन्या धर्मातला मृत, नव्या धर्माच्या राज्यात, प्रार्थनेच्या जागी स्मृतीची याचना करतो, यापेक्षा त्या पिढीच्या अवस्थेचे नेमके चित्र कोणत्याही इतिहासग्रंथात सापडणार नाही. नाटक लिहिले गेले ते 1600 च्या आसपास. शेक्सपिअरचा अकरा वर्षांचा मुलगा हॅम्नेट 1596 च्या ऑगस्टमध्ये पुरला गेला होता, आणि वडील 1601 च्या सप्टेंबरमध्ये.

मराठी वाचकाला हे भूत फारसे परके वाटत नाही, आणि त्यामुळेच थोडे सावधही राहावे लागते. गोपाळ गणेश आगरकर यांनी या नाटकाचे 'विकारविलसित' हे रूपांतर 1883 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ते अशा वाचकांपुढे गेले ज्यांच्या घरी पितृपक्षात पान वाढले जाई आणि ज्यांना अतृप्त आत्मा ही कल्पना समजावून सांगावी लागत नव्हती. बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणाने प्रेताला पितरांच्या पंक्तीत स्थान मिळते, आणि ते वंशजाच्या हातून व्हावे लागते, या श्रद्धेत आणि शुद्धिस्थानाच्या श्रद्धेत जिवंतांवरील ऋणाचा धागा एकच आहे. परंतु शुद्धिस्थानातला आत्मा भटकत नाही, त्याचे तारण ठरलेले असते आणि त्याला पुनर्जन्म नसतो. वसई आणि गोव्याच्या कॅथलिक घरांत 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावल्या जातात, तेव्हा इंग्लंडने सोळाव्या शतकात जी प्रथा मोडली तीच प्रथा तेथे अखंड चालू असते. ज्या वाचकाने ती पाहिली आहे त्याला या नाटकातील ऑफिलियाच्या अंत्यविधीचा प्रसंग अधिक खोल कळेल. तिचा भाऊ लेअर्टीस धर्मगुरूला पुन्हा पुन्हा विचारतो की आणखी कोणता विधी उरला आहे, आणि धर्मगुरू सांगतो की मृत्यू संशयास्पद असल्याने याहून अधिक काही करता येणार नाही. शोक आहे, पण तो ओतायला पात्र नाही.

येथपर्यंत आल्यावर मूळ प्रश्नाचे रूपच बदलते. शेक्सपिअरची श्रद्धा कोणती होती, असे विचारताना आधुनिक वाचक हे गृहीत धरतो की धर्म म्हणजे मुख्यतः मनातील मत; पण हे गृहीतकच पुष्कळसे सुधारणेने घडवलेले आहे. माणसाचे तारण कर्माने नव्हे, केवळ श्रद्धेने होते, या लूथरच्या शिकवणीने धर्माचे केंद्र हातातून काढून हृदयात नेले. त्याआधीच्या पिढीने कोणाला धर्माविषयी विचारले असते तर ते, तू कोणासाठी मेणबत्ती लावतोस, कोणाच्या नावे मिस्सा करवतोस, असे विचारले असते. हॅम्लेट हे नाटक या दोन्ही व्याख्यांच्या सीमेवर उभे आहे, आणि त्यातील एका प्रसंगात ही सीमा प्रत्यक्ष दिसते. हॅम्लेटच्या बापाचा खुनी, राजा क्लॉडियस, गुडघे टेकून बसला आहे. हॅम्लेट तलवार उपसून मागे उभा आहे. प्रार्थनेत असलेल्याला मारले तर तो स्वर्गात जाईल, म्हणून तो तलवार म्यान करतो. तो निघून गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि प्रेक्षकांना कळते की त्याला प्रार्थना करता आलीच नाही, शब्द वर गेले आणि मन खालीच राहिले. टेकलेल्या गुडघ्यांवरून हॅम्लेटने श्रद्धा वाचली आणि ती चुकीची वाचली. शेक्सपिअरच्या धर्माचा निकाल हजेरीच्या याद्यांवरून लावणारा चरित्रकार नेमका हॅम्लेटच्या जागी उभा असतो, आणि त्याच्यासमोर असते ती एक पाठमोरी आकृती.

डेव्हिड स्कॉट कॅस्टन यांनी 'अ विल टु बिलीव्ह' या 2014 च्या छोटेखानी ग्रंथात हीच भूमिका समंजसपणे मांडली आहे : नाटककाराची खासगी श्रद्धा पुराव्यांतून हाती लागत नाही, पण नाटकांतील माणसे ज्या हवेत श्वास घेतात ती हवा धर्माची आहे. नसीब शाहीन यांनी नाटकांतील बायबलच्या संदर्भांची जी मेहनती नोंद 1999 मध्ये ग्रंथरूपाने दिली, ती या हवेचे मोजमाप आहे. मात्र बायबल ठाऊक असणे आणि बायबलवर विसंबून जगणे यांतील अंतर ती भरून काढू शकत नाही, आणि तसा दावाही ती करत नाही.

जेम्स शापिरो यांची दोन पुस्तके, 1599 या एका वर्षावरील आणि 1606 या वर्षावरील, काळाचा असाच जवळून वेध घेतात. त्यांतील दुसरे, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेले, धर्माच्या प्रश्नासाठी अधिक महत्त्वाचे आहे. 5 नोव्हेंबर 1605 रोजी राजासह पार्लमेंट दारूगोळ्याने उडवण्याचा कॅथलिक कट उघडकीस आला, आणि पुढच्या वसंतात हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूवर खटला चालून त्याला फाशी झाली. त्या खटल्यात गाजला तो इक्विव्होकेशनचा, म्हणजे शपथेवर असताना शब्द असे योजावेत की ऐकणाऱ्याची दिशाभूल व्हावी पण देवापुढे ते असत्य ठरू नयेत, या युक्तीचा सिद्धान्त. छळणाऱ्या न्यायाधीशापुढे सत्य सांगण्याचे बंधन कितपत असते, हा नीतिशास्त्रातील खरा पेच आहे. ज्याला स्वतःच्या एका शब्दाने आपल्याला आसरा देणाऱ्या यजमानाचे प्राण धोक्यात घालायचे नाहीत, त्याच्या बाजूने पुष्कळ बोलण्यासारखे आहे. 'मॅकबेथ'मधील द्वारपाल अशाच दुहेरी बोलणाऱ्याला नरकाच्या दारात उभा करतो, आणि चेटकिणींची सर्व भाकिते खरी ठरूनही फसवतात. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने रंगमंचावर देवाचे नाव सैलपणे घेणाऱ्यास दर वेळी दहा पौंड दंड ठरवला, तेव्हा त्यानंतरच्या नाटकांत ख्रिस्ती देवाऐवजी ग्रीक-रोमन देवतांचा उच्चार दिसला, तर त्यावरून लेखकाच्या मनाविषयी काही ठरवण्यापूर्वी दहा पौंडांचा विचार केलाच पाहिजे.

चार्ल्स निकोल यांचे 'द लॉजर' हे 2007 चे पुस्तक शेवटी वाचावे. लंडनच्या सिल्व्हर स्ट्रीटवर माउंटजॉय नावाच्या फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासित कुटुंबाकडे शेक्सपिअर भाडेकरू म्हणून राहत होता, आणि त्या घरातील हुंड्याच्या वादात त्याने 11 मे 1612 रोजी न्यायालयात साक्ष दिली. त्याच्या तोंडचे म्हणून लेखी उरलेले बोलणे ते एवढेच, आणि त्यातही हुंड्याची नेमकी रक्कम आठवत नाही असे त्याने सांगितले. छुप्या कॅथलिकाची कथा रचणाऱ्यांना हे घर अडचणीचे, आणि पुढच्याच वर्षी त्याने विकत घेतलेले, कॅथलिकांच्या लपण्याची जागा म्हणून बदनाम असलेले ब्लॅकफ्रायर्सचे गेटहाउस सोयीचे वाटते. निकोल यांनी दारे-खिडक्या, शेजारी, केशभूषेचा धंदा आणि लग्नाची बोलणी यांचे वर्णन केले, आणि भाडेकरूच्या अंतरंगाला हात लावला नाही.

ज्याला एवढे ग्रंथ वाचणे शक्य नाही त्याने डफी आणि शोनबॉम या दोघांना तरी सोडू नये, आणि त्यांच्यानंतर 'हॅम्लेट'चा पाचवा अंक पुन्हा उघडावा. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या दफननोंदवहीत 25 एप्रिल 1616 या तारखेपुढे शेक्सपिअरचे नाव आणि तो सभ्य गृहस्थ होता हे सांगणारा एक आखूड शब्द आहे, आणि त्यापुढची ओळ दुसऱ्या माणसाची आहे.